वाटीएवढं पोट

माझं ऑपरेशन झालं ते बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या दिवाळीत. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, गावापासून मैलभर लांब मळ्यात आमचं घर. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, धाकटा दीर आणि सासूबाई. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

दुखणं लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचं. उपाशीपोटी छातीच्या खाली, मधोमध आग व्हायची. भाकरीचा तुकडा खाल्ला की शमायची. पुढं पुढं उलटं झालं. खाल्लं की पोट फुगायचं, दगड ठेवल्यासारखं जड व्हायचं आणि दिवस मावळायच्या सुमारास सगळं उलटून पडायचं. सकाळी खाल्लेली मेथीची पानं संध्याकाळी जशीच्या तशी बाहेर यायची. पहिल्यांदा आत्याबाईंना वाटलं, दिवस गेले. त्यांनी शेजारच्या मळ्यात सांगूनही टाकलं. दोन महिन्यांनी खरं कळलं तेव्हा त्या माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत, जणू मीच त्यांना फसवलं होतं.

मग अंगारे झाले, चूर्णं झाली. मी वाळत गेले. एका दुपारी विहिरीवरून घागर आणताना बांधावर टेकले, ती पुन्हा उठलेच नाही. नवऱ्यानं मला पाठुंगळी मारून रस्त्यापर्यंत नेलं आणि येणारा एक ट्रक थांबवून नगरच्या दवाखान्यात आणलं.

पोटात जुनी जखम होती. ती भरताना, उघडताना आतली वाटच आक्रसून गेली होती. डॉक्टरांनी पोटाचा खालचा अर्ध्याहून जास्त भाग काढून टाकला आणि उरलेलं पोट आतड्याला जोडलं. पाच दिवस नाकात नळी होती. सहाव्या दिवशी चमच्यानं पाणी मिळालं. ते पाणी खाली उतरलं आणि तिथंच राहिलं, वर आलं नाही, याचं मला रडू आलं.

डॉक्टर येऊन जखम बघायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. पुढं कसं जगायचं ते शिकवलं वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी. त्या नगरच्याच, पन्नाशीच्या, बोलायला खरखरीत. एक दिवस त्यांनी खिडकीतली पितळी वाटी उचलून माझ्यापुढं धरली.

“हे बघ. तुझं पोट आता एवढं आहे. ह्यात मावेल तेवढंच एका वेळी खायचं. चतकोर भाकरी, अर्धी वाटी कालवण. पण दिवसातून सहा वेळा. घास तोंडात विरघळेपर्यंत चावायचा. खाताना पाणी प्यायचं नाही, तासाभरानं प्यायचं. गूळ, साखर, काकवी, काहीही गोड खायचं नाही. खाऊन झालं की थोडं आडवं व्हायचं.”

“सहा येळा?” मी म्हटलं. “आमच्यात बाया दोन येळा खात्यात. तेबी समद्यांचं झाल्यावर.”

“म्हणूनच सांगते,” सिस्टर म्हणाल्या. “ह्या ऑपरेशनच्या बायका माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या होऊन घरी गेल्यात आणि घरी जाऊन मेल्यात. जखमेनं नाही. लाजून. पुरुष मागून खातो. बाई लाजते. तू लाजलीस की संपलीस, एवढं ध्यानात ठेव.”

शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याकडची एक बाई होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, दोन मुलींची आई. तिचंही हेच ऑपरेशन झालं होतं, माझ्या दोन दिवस आधी. मी तिला आक्का म्हणू लागले. आक्का मोठी हसरी बाई. सिस्टर दाराबाहेर गेल्या की ती त्यांच्याच आवाजात सांगायची, “चाव! आजून चाव! बत्तीस दात काय दाखवायला दिलेत का?” मला हसू आवरायचं नाही. हसलं की टाके ओढायचे, म्हणून आम्ही दोघी पोटावर उशी दाबून हसायचो.

व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी वजनकाटा होता. घरी जायच्या दिवशी सिस्टरनी दोघींना त्यावर उभं केलं. मी छत्तीस किलो, आक्का एकेचाळीस. सिस्टरनी दोन कार्डं केली, त्यावर वजनं लिहिली आणि तीन महिन्यांनंतरचा एकच दिवस दोघींना दिला. आक्का म्हणाली, “बघ हां, फुडच्या टायमाला माझं पन्नास आसंल. काट्यावर चढाया मला शिडी लागंल.”

घरी आल्यावर पंधरा दिवस बरे गेले. आजारी माणूस म्हणून आत्याबाई स्वतः मला पेज करून द्यायच्या. सोळाव्या दिवशी मी उठून भाकऱ्या थापल्या आणि त्याच दिवशी त्यांच्या लेखी मी बरी झाले.

सकाळची न्याहारी झाली की दोन तासांनी माझी दुसरी खेप यायची. उन्हं ओट्याच्या कडेला आलेली असायची, नवरा आणि दीर रानात. मी भाकरीच्या दुरडीवरचं फडकं बाजूला केलं की आत्याबाई जिथं असतील तिथून बघायच्या.

“आजून बापय मान्सांनी खाल्लं न्हाई, आन तू हात घालतीस?”

“सिस्टरनी सांगितलंय, आत्याबाई. माझं पोट...”

“मीबी पाच बाळतपनं केली. दोन टायमाला खाऊनच केली. पोट काय तुला एकलीलाच हाय?”

त्या दुष्ट नव्हत्या. हे आज सांगते असं नाही, तेव्हाही मला कळत होतं. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांचं झाल्यावर, तवा पुसून उरलेलं खाल्लं होतं. त्या घरात बाईनं दिवसाउजेडी, एकटीनं, भाकरी घेऊन बसायचं ही गोष्ट त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांना ते माजल्यासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

मी गोठ्यात जाऊन खाऊ लागले. पदराखाली चतकोर घ्यायची, बैलांच्या मागं उभी राहायची आणि कुणी यायच्या आत पटपट गिळायची. घाईनं गिळलेला घास त्या छोट्या पोटाच्या तोंडाशी अडकून बसायचा. कळ उठायची, घाम फुटायचा, कधी उलटी व्हायची. मग वाटायचं, खाऊन हे भोगण्यापेक्षा न खाल्लेलं बरं. सहाच्या चार खेपा झाल्या, चाराच्या तीन.

त्यातच शेजारच्या मळ्यात बारसं झालं. घरधनिणीनं आग्रह करून पुरणपोळी वाढली. मी नको म्हटलं, तर आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “लोकांच्या घरी मान ठिवावा.” मी अर्धी पोळी खाल्ली. दहा मिनिटांत काळीज धाडधाड उडायला लागलं. अंग घामानं भिजलं, हातपाय कापू लागले, पोटात मुरडा आला. मी कशीबशी उठून कडब्याच्या गंजीमागं पळाले आणि तिथंच आडवी झाले. परत आले तेव्हा बाया माझ्याकडं बघत होत्या. एक म्हातारी पाळण्याला हात लावून म्हणाली, “आसल्या बाईला बारशाला बोलवावंच कशाला?”

गावात तोवर पसरलं होतं की नगरला माझं पोट काढलं. बायांच्या बोलण्यात पोट म्हणजे पोरं होतात ती पिशवी. मी कितीदा सांगितलं की ते पोट वेगळं आणि हे वेगळं. ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. आत्याबाईंनी जामखेडकडच्या नात्यातल्या एका मुलीची चौकशी सुरू केली. नवऱ्यासाठी. माझ्यासमोरच बोलणं व्हायचं. नवरा हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही. ताटावरून उठायचा आणि बैलांकडं जायचा.

होळीच्या सुमारास तपासणीला गेले तेव्हा माझं वजन साडेचौतीस भरलं. आक्का आली होती. ती एकोणचाळीस. सिस्टरनी आम्हां दोघींना व्हरांड्यात उभं करून असं झाडलं, की येणारीजाणारी माणसं थांबून बघायला लागली. त्या आत गेल्यावर आक्का हसली, पण यावेळी त्यांचा आवाज काढून दाखवला नाही.

“तू खाती का सहा येळा?” मी विचारलं.

“आमच्यात आकरा मान्सं हायती, बाई. सैपाक माझ्याकडं. समद्यांना वाढून हुतंय तवर भूकच मरती.” मग म्हणाली, “चक्कर आली का गुळाचा च्या घेते.”

“गोड नगं म्हणल्यात ना?”

“च्यानं कुठं काय हुतंय?”

जेठात पुन्हा गेलो. मी चौतीस, आक्का पस्तीस. तिच्या गालाची हाडं वर आली होती आणि चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. सिस्टर यावेळी ओरडल्या नाहीत. कार्डावर आकडा लिहिला, पेन बंद केलं आणि इतकंच म्हणाल्या, “ह्याच्या खाली गेलात तर मग मला काही करता यायचं नाही.” लोहाच्या गोळ्या दिल्या, दंडात इंजेक्शनं दिली. बाहेर पडताना आक्कानं माझा हात धरला. तिचा तळवा गार होता. “दसऱ्याला भेटू,” म्हणाली.

त्या साली पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही जेमतेमच होता. बाजरी पेरली ती वीतभर येऊन करपली. विहिरीनं तळ दाखवला. घरात कणगीत जुनी ज्वारी होती, तिच्यावर दिवस काढायचं ठरलं आणि आत्याबाई भाकऱ्या मोजून करू लागल्या. अशा घरात सहा वेळा दुरडीला हात लावायचा तरी कसा?

दसऱ्याच्या सुमारास दिलेल्या दिवशी मी नवऱ्याबरोबर नगरला गेले. वजन तेहेतीस. आक्का आली नव्हती. दुपारपर्यंत मी व्हरांड्यात वाट बघितली. सिस्टरकडच्या तिच्या कार्डावर गावाचं नाव होतं. नवऱ्याला म्हटलं, “जाऊन येऊ.” तो म्हणाला, “उशीर व्हईल.” पण माझ्या तोंडाकडं बघून उठला. आम्ही श्रीगोंद्याची गाडी धरली आणि फाट्यावर उतरून चालत गेलो.

आक्काचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात तिची जाऊ सूप घेऊन निवडत बसली होती. मी कोण, कुठली, ते सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

“ती गेली की,” ती म्हणाली. “दीड म्हैना झाला.”

मी तिच्यापुढं जाऊन बसले.

“काय झालं वो?”

“काय न्हाई. हगवन लागली, ताप आला, तीन दिवसांत गेली. अंगात हुतंच काय?” जाऊ पदरानं तोंड पुसत म्हणाली. “आमी काय तिला उपाशी ठिवलं न्हाई, बाई. खोटं कशाला बोलू? पण ती खायाचीच न्हाई. समद्यांम्होरं खायाला लाजायची. मागनं खाते म्हनायची.” मग ती उठून आत गेली आणि परत आली ती रिकाम्याच हातानं. सांगू की नको असं तिचं चाललं होतं. शेवटी म्हणाली, “तिची वाकळ धुवायला काढली तर उशाखाली भाकरीचं तुकडं. वाळून खडंग. आठ-धा तरी आसत्याल. मागनं खाईन म्हनून ठिवल्यालं आन खाल्लंच न्हाई.”

आक्काची धाकटी मुलगी जावेच्या पाठीला चिकटून उभी होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत नवरा माझ्याशेजारी बसला होता. मध्ये एका स्टँडवर गाडी थांबली, तसा तो उतरला आणि कागदाच्या पुडीत फुटाणे घेऊन आला. पुडी माझ्या हातात देऊन म्हणाला, “खा.”

गाडी माणसांनी भरलेली. समोर दोन म्हातारे बसलेले. माझा हात पदराकडं गेला.

“तसंच खा,” तो म्हणाला. “पदर नगं.”

मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं ते सोडलं, तर सहा वर्षांत माझ्यासाठी त्यानं उघडपणे केलेली ही पहिली गोष्ट. मी एकेक फुटाणा चावून चावून घर येईपर्यंत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उन्हं ओट्यावर आली तशी मी दुरडीतून चतकोर भाकरी काढली, वर हुलग्याचं पिठलं घेतलं आणि घराच्या मधोमध पाट टाकून बसले. आत्याबाई जात्याजवळ होत्या. त्यांनी हात थांबवला.

“लाज वाटंना का गं?”

“वाटती,” मी म्हटलं. “पण ती श्रीगोंद्याची बाई लाजून मेली, आत्याबाई. मला मरायचं न्हाई.”

घास तोंडात फिरत होता आणि गिळवत नव्हता. तरी मी शेवटपर्यंत खाल्लं, ताट उचललं, भिंतीशी वाकळ टाकली आणि सिस्टरनी सांगितलं होतं तशी आडवी झाले, दिवसाढवळ्या, सासूसमोर. पुढं महिनाभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी दिवसातून सहा वेळा तसंच मधोमध बसून खात राहिले. महिना संपता संपता एक दिवस बघते तर पाटाजवळ माझी चतकोर झाकून ठेवलेली. कुणी ठेवली हे मी विचारलं नाही.

कणगी रिकामी झाली तेव्हा आम्ही चौघंही दुष्काळी कामावर जाऊ लागलो. रस्त्यासाठी खडी फोडायचं काम. पुरुष मोठे दगड आणायचे, बाया हातोडीनं फोडायच्या. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी, लाल आणि कडू. त्याची भाकरी चामड्यासारखी व्हायची. एक घास मी पन्नास वेळा चावायची. कामावर दुपारी सुकडी, भाजलेल्या पिठाचा भुगा, वाटायचे. सगळी माणसं त्या सुकडीवर जगत होती, आणि ती गोड. पहिल्या दिवशी भुकेनं मी मूठभर खाल्ली आणि खडीच्या ढिगाला टेकून घामानं निथळत बसले. तेव्हापासून सुकडीला हात लावला नाही. माझ्या वाट्याची नवऱ्याला द्यायची.

मिलोच्या भाकरीचे तुकडे मी पदरात बांधून न्यायची आणि दोन तासांनी हातोडी खाली ठेवून खायची. चार दिवस मुकादमानं बघितलं. पाचव्या दिवशी ढिगापुढं येऊन उभा राहिला.

“काय गं, हितं काम कराया आलीस का चराया? दर घडीला तोंड चालूच.”

बाया हसल्या. मी तुकडा खाली ठेवला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आत्याबाई उठल्या.

“तिला खायाच लागतं,” त्या म्हणाल्या. “डाक्टरनी पोट कापलंय तिचं. वाटीयेवढं ऱ्हायलंय. ती खाऊनबी तुझ्या मापापरीस चार पाट्या जास्ती फोडंल. तू तुझं बघ.”

मुकादम काहीतरी पुटपुटत पुढं गेला. आत्याबाई बसल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “खा की. बघतीस काय?”

संक्रांतीला मी नगरला गेले तेव्हा सदतीस किलो भरले. सिस्टरनी आकडा लिहिला आणि दुसरं कार्ड हातात धरून विचारलं, “ही का येत नाही?” मी सांगितलं. त्यांनी “कधी?” म्हणून विचारलं, कार्डावर एक ओळ लिहिली आणि ते वेगळ्या खणात ठेवलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

मला बळ येत होतं. हातोडी उचलताना दंड थरथरायचा थांबला होता. मी आनंदात होते, आणि म्हणूनच माझ्या शेजारी काय चाललंय हे मला दिसलं नाही. आत्याबाई पहिल्यापासून काटक. लुगडं कमरेला घट्ट आवळून बांधायची त्यांची सवयच. ते लुगडं त्या दिवसातून दोनदा सोडून आणखी आवळू लागल्या होत्या, ते मी बघत होते आणि त्याचा अर्थ मला कळत नव्हता. चैत्रात एक दिवस खडीच्या ढिगावर त्या तोंडावर पडल्या. कपाळ फुटलं. पाणी मारल्यावर उठून बसल्या आणि म्हणाल्या, “ऊन लागलं.”

माझी तपासणी चार दिवसांवर आली होती. नवऱ्यानं त्यांनाही बरोबर घेतलं. त्या नको नको म्हणत होत्या.

सिस्टरनी आधी मला काट्यावर घेतलं. एकोणचाळीस. पहिल्यांदाच त्या हसल्या. मग त्यांची नजर आत्याबाईंकडं गेली. कपाळावरची पट्टी बघितली, मनगट हातात धरून बघितलं.

“या, तुम्हीपण चढा.”

“मला काय झालंय?”

“चढा तर.”

आत्याबाई चप्पल काढून, देवळात चढावं तशा काट्यावर चढल्या. सिस्टरनी वजनं सरकवली, मग मागं घेतली, आणखी मागं घेतली.

“तेहेतीस,” त्या म्हणाल्या.

आत्याबाई माझ्यापेक्षा वीतभर उंच होत्या. मी सगळ्यांत वाईट दिवसांत जेवढी होते, तेवढंच त्यांचं वजन भरलं होतं.

“घरात भाकरी वाटतं कोण?” सिस्टरनी विचारलं.

“मीच.”

“तुमच्या वाट्याला किती येते?”

“पुरती मला.”

“किती, ते विचारतेय.”

आत्याबाईंनी पदर सावरला. नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली. मला एकेक आठवू लागलं. पाटाजवळ झाकून ठेवलेली चतकोर. पदरात बांधून दिलेले तुकडे. घरात भाकऱ्या मोजून होत होत्या, आणि माझ्या सहा खेपा सुरू झाल्यावर त्या वाढल्या नव्हत्या. मग मी खात होते ते कुणाच्या वाट्याचं, हे सहा महिन्यांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“सुकडी तरी खाता का?” सिस्टरनी विचारलं.

“पोरास्नी देते. त्यांना दगूड उचलाया लागत्यात.”

“पोरं!” सिस्टर नवऱ्याकडं वळल्या. “एवढ्या मिशा आल्यात तुम्हाला आणि आईच्या तोंडचं खाता?” मग त्यांनी आत्याबाईंना बाकावर बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “हिला गोड चालत नाही. तुम्हाला चालतं. हिची सुकडी तुम्ही खायची, तुमचीही तुम्हीच खायची. माझ्यासमोर कबूल करा.” आणि उठता उठता म्हणाल्या, “आणि हिची पिशवी शाबूत आहे. वजन भरलं की मूलही होईल. दुसरी सून शोधायची गरज नाही.”

हे त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी तरी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून नवरा आणि दीर यांच्यासमोर मी माझी सुकडी आत्याबाईंच्या ओंजळीत ओतायची आणि त्या ती खाईपर्यंत तिथून हलायची नाही. त्या चिडायच्या. “पोलिसावानी बसू नगंस,” म्हणायच्या. पण खायच्या. पुढच्या खेपेला त्यांचं वजन छत्तीस भरलं. जामखेडच्या मुलीचं बोलणं मागं पडलं, ते कसं पडलं हे मला कधी कळलं नाही.

पुढच्या साली घरात पुन्हा धान्य आलं. पण आत्याबाई पूर्वीच्या झाल्या नाहीत. पाठ वाकली ती वाकलीच. त्या थंडीत खोकला धरला, छाती भरली आणि आठवड्यात त्या गेल्या. दारात बसायला आलेल्या बाया म्हणाल्या, वय झालं होतं. साठसुद्धा नव्हतं. त्यांनी माझ्या वाट्याला भाकरी वाढवली ती माझ्यासाठी, लेकाचा संसार मोडू नये म्हणून, की श्रीगोंद्याच्या त्या बाईची गोष्ट ऐकून भ्यायल्या म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारण्याइतकं आमचं बोलणं कधी होतच नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढं मी बसले. भाकऱ्या वाटायचं काम आता माझ्याकडं आलं होतं. नवऱ्याला, दिराला वाढलं. दुरडीत बघितलं तर दीड भाकरी उरली होती. कुणी आणखी मागितली तर द्यायला लागेल म्हणून माझा हात आपोआप थांबला. आपल्या वाट्याची बाजूला सारणं किती सोपं असतं, कुणाला दिसतही नाही, ते तेव्हा कळलं. मी चतकोर मोडली, माझ्या ताटात ठेवली आणि दोघांच्या समोर बसून चावायला सुरुवात केली.

पुढच्या दिवाळीला मी सेहेचाळीस किलो भरले. सिस्टर म्हणाल्या, आता वर्षातून एकदा तपासणीला ये, पुरे.